टोकाच्या विहिरीवरचे व्होल्ट

दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक खोकं खाली आलं. जुन्या वायरी, होल्डर, चिनीमातीचे किटकॅट फ्यूज आणि त्या सगळ्यात जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक शंभराचा बल्ब. काच स्वच्छ, आतली तार शाबूत. भाची दहावीत आहे. शाळेच्या प्रकल्पासाठी तिला नुकताच मल्टिमीटर घेऊन दिलाय, त्यामुळे घरात तिने मोजली नाही अशी वस्तू उरलेली नाही. बल्ब हातात येताच तिने त्याच्या माथ्यावरचे आकडे वाचले, २३० व्होल्ट, १०० वॅट, आणि वहीत मांडणी केली. विजेच्या दाबाचा (व्होल्टचा) वर्ग भागिले शक्ती (वॅट) म्हणजे रोध, तारेचा विजेला होणारा अडथळा. उत्तर ५२९ ओहम. मग मीटरच्या दोन पिना तिने बल्बच्या बुडाच्या शिशाच्या दोन टिकल्यांना लावल्या. पडद्यावर आकडा थोडा हलला आणि ३९ वर थांबला. तिने पिना घासून पुन्हा लावल्या, मीटरचा सेल बदलला, दुसऱ्या रेंजवर घेऊन पाहिलं. ३९ काही हलेना. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "मावशी, दोन्ही कसे बरोबर असतील?"

दोन्ही बरोबर होते, हे तिला समजावायला फार वेळ लागला नाही. मीटरसुद्धा तेच गणित करतो जे तिने वहीत केलं. स्वतःच्या सेलमधून अगदी किंचित करंट सोडतो, टोकांमधला दाब मोजतो आणि भागाकार दाखवतो. पण तेवढ्याशा करंटने तार तापत नाही. टेबलावर ठेवलेल्या बल्बची तार खोलीइतकीच गार असते, आणि घरात लावलेला बल्ब पेटतो तेव्हा तीच टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सियसच्या आसपास पोचलेली असते. तितकं तापलं की तिचा रोध तेरा-चौदा पटींनी वाढतो. म्हणजे बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी, तार गार असताना, २३० भागिले ३९, जवळजवळ सहा अँपिअर करंट धावतो. गुणून पाहिलं तर त्या क्षणापुरता तो शंभराचा बल्ब तेराशे वॅटहून अधिक खेचत असतो. डोळ्याची पापणी लवायच्या आत तार तापते, रोध चढतो आणि करंट आपोआप अर्ध्या अँपिअरच्या खाली येतो. जुने बल्ब नेहमी बटण दाबतानाच का जायचे, तो निळसर चमकारा आणि 'टिक्' असा आवाज कशाचा असायचा, हे तिला एकदम उलगडलं. तिने ते वहीत लिहूनही घेतलं. आणि मग लिहिता लिहिता थांबून विचारलं, "पण मग गणितात लिहीत का नाहीत, बल्ब पेटलेला असताना म्हणून?"

तो प्रश्न माझ्या मनातून जाईना.

मी नोकरीची सगळी वर्षं विजेची पॅनेल बनवणाऱ्या कारखान्यांत टेस्टिंगला काढली. दाब मोजायचा, करंट मोजायचा, भागायचं, गुणायचं, रिपोर्टवर सही करायची. त्या कामात पहिला धडा मिळाला तो हाच की रीडिंगच्या शेजारी तापमान, वेळ आणि कुठल्या टोकाला मोजलं हे लिहिलेलं नसेल तर तो कागद पुढे जात नाही. पुस्तकातल्या गणितात मात्र २३० हे एकदा दिलं की दिलं. ते कुठल्या घरातले २३०, किती वाजताचे, किती माणसांनी त्याच तारेवर आपापली यंत्रं चालू केलेली असतानाचे, हे कोणी विचारत नाही. माझ्या गावात, आमच्या वस्तीवर, संध्याकाळी सातनंतर २३० कधी पाहिल्याचं मला आठवत नाही.

नेवासा तालुक्यातली आमची वस्ती गावठाणापासून लांब, पाटाच्या पलीकडे. दिवस मावळला की वस्तीवरच्या बल्बचा रंग बदलायचा. आधी पिवळा, मग नारिंगी, आणि कांद्याला पाणी भरण्याचे दिवस असले की तांबूस. तार नुसती लाल दिसायची. इतकी मंद की तिच्याकडे टक लावून बघता यायचं, तिला आतून धरणाऱ्या बारीक तारांचे हूक मोजता यायचे. आजी त्याला "उजेड आजारी पडलाय" म्हणायची. त्या उजेडात आम्ही भावंडं अभ्यास करायचो, आणि वही इतकी जवळ धरायचो की कागदाचा वास नाकात बसलेला असायचा. पुढे हिशेब करायला शिकले तेव्हा मी तो आजार मोजून पाहिला. दाब १६० व्होल्टवर आलेला असेल आणि रोध ५२९ च धरला, तर शक्ती निघते ४८ वॅट. खरं तर तार कमी तापल्याने तिचा रोधही उतरलेला असतो, म्हणून बल्ब पंचावन्नच्या आसपास वॅट खातो. पण उजेड तेवढ्या प्रमाणात मिळत नाही. शक्ती निम्म्यावर आली तर उजेड एक तृतीयांशाच्याही खाली जातो, कारण कमी तापलेली तार बहुतेक उष्णताच फेकते, डोळ्याला दिसणारा प्रकाश फारच थोडा. निम्मी वीज मीटरवर चढत होती आणि वहीवर त्यातलं जवळजवळ काही पडत नव्हतं. हे कळल्यावर मला त्या लहान मुलांचं फार वाईट वाटलं, जणू ती दुसऱ्याच कोणाची मुलं होती.

दहावीच्या अभ्यासात हमखास विचारलं जाणारं गणित आहे: २२० व्होल्ट, १०० वॅटचा बल्ब ११० व्होल्टवर लावला तर शक्ती किती? उत्तर २५ वॅट. दाब निम्मा, म्हणून शक्ती चौथाई. प्रत्यक्षात लावून मोजलं तर तेहेतीसच्या जवळ आकडा येतो. उत्तर २५ शिकवूच नये असं मी म्हणत नाही. रोध कायम धरला तर ते चोख आहे, आणि वर्गाचा संबंध डोक्यात पक्का बसायला तेच हवं. पण त्या गणिताखाली एक ओळ असावी, की आता खरा बल्ब घ्या आणि मोजून बघा. ज्या मुलांनी आजारी उजेडात ते गणित सोडवलं त्यांना तरी ती ओळ मिळायला हवी होती.

बल्ब कमी दाबावर निदान मंद होतो. मोटर तसं करत नाही.

आमच्या विहिरीवर पाच एचपीची मोटर. तिची थ्री फेज लाइन जिथून येते ती डीपी, म्हणजे रोहित्र, वस्तीपासून किलोमीटरभर लांब, रस्त्याच्या कडेला, आणि आमची विहीर त्या तारांवरची शेवटची. पाटाच्या चारीला टेलचा शेतकरी असतो, वरच्यांचं भिजून झाल्यावर उरेल ते पाणी ज्याच्या वावरात येतं, तसे आम्ही विजेच्या टेलचे. उन्हाळ्यात मोटर जळायची. जळायची म्हणजे आधी सूर बदलायचा. मोटरचा नेहमीचा आवाज भरदार, एकसंध असतो. दाब उतरला की त्यात घरघर मिसळते, पाइपच्या तोंडातून पडणारं पाणी जवळ जवळ पडायला लागतं, आणि मग तो वास. तारेवरचा मुलामा करपल्याचा उग्र, गोडसर वास, जो कपड्यांना लागला तर धुतल्यावरही जात नाही. आप्पा काही बोलायचे नाहीत. धावेवर उकिडवे बसून मोटरच्या अंगावर हात ठेवायचे, हात काढायचे, पुन्हा ठेवायचे. दुसऱ्या दिवशी मोटर बैलगाडीत आणि नंतरच्या काळात जीपमध्ये टाकून तालुक्याला, रिवाइंडिंगच्या दुकानात.

त्या दुकानात मी विजेचं जेवढं पाहिलं तेवढं पुढे डिप्लोमाच्या लॅबमध्ये नाही पाहिलं. शटरच्या आत अंधार, जमिनीवर तांब्याच्या जळक्या कॉइल्सचे काळे गुंते, कोपऱ्यात लाकडी पेटी. मिस्त्री छिन्नीने जुनी वाइंडिंग कापून काढायचे, खाचा साफ करायचे, पिवळा कागद कापून खाचेत बसवायचे आणि लाकडी फर्म्यावर नवी तार गुंडाळायला घ्यायचे. वेढे मोजताना ते कोणाशी बोलत नसत. कॉइल बसवून, दोऱ्याने बांधून झालं की वरून व्हार्निश ओतायचे आणि अख्खी मोटर त्या पेटीत ठेवून आत दोनशेचे बल्ब पेटवायचे. व्हार्निश सुकायला. आमच्या घरात जे बल्ब वहीपुरता उजेड देत नव्हते, तेच इथे तालुक्याच्या चांगल्या दाबावर तार सुकवण्याइतके कडक तापायचे. त्या पेटीच्या फटीतून येणारा पांढराशुभ्र उजेड आणि व्हार्निशचा डोळे चुरचुरवणारा वास, हे दोन्ही मला आजही एकत्रच आठवतं.

आप्पांनी एकदा मिस्त्रींना विचारलं होतं, वीज कमी आली तर मोटरने कमी पाणी काढावं, जळते कशाला? मिस्त्री म्हणाले, "आप्पा, मोटर गुणी बैलासारखी. ओझं कमी करत नाही, जोर जास्त लावते." याहून नेमकं उत्तर मला पुढे कोणत्याही पुस्तकात मिळालं नाही. आकड्यांत मांडायचं तर असं. पाच एचपी म्हणजे ३.७ किलोवॅटच्या थोडं वर. मोटरमध्ये जे वाया जातं ते धरून ती साडेचार किलोवॅटच्या आसपास खेचते आणि ४१५ व्होल्टवर प्रत्येक फेजमध्ये आठेक अँपिअर घेते. विहिरीतलं पाणी तेवढ्याच खोलीवर, पंप तोच, गती जवळजवळ तीच, म्हणजे लागणारी शक्तीही जवळजवळ तीच. दाब ३०० वर आला तर गुणाकार कायम ठेवायला करंट वाढणारच. आठाचे अकरा. आणि वाइंडिंगमध्ये तयार होणारी उष्णता करंटच्या वर्गाने वाढते: चौसष्टच्या जागी एकशे एकवीस. जवळपास दुप्पट. आप्पा हाताने तेच मोजत होते.

त्याच मोटरवर भाचीचा प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. दोन फेजमध्ये ४१५ म्हणजे एका फेजला २४० व्होल्ट. त्याला आठ अँपिअरने भागलं तर ३० ओहम येतात. मोटर बंद करून, तारा सोडवून मल्टिमीटर लावा, वाइंडिंग दाखवेल दोन-अडीच ओहम. इथे तापण्याने एवढा फरक पडत नाही. तांबं मोटरमध्ये तापून तापून असं कितीसं तापणार. इथे फरक फिरण्याचा आहे. फिरणारी मोटर येणाऱ्या दाबाला आतून उलट दाब देते, आणि तोच तिला वाचवतो. पंपात खडा अडकून मोटर जागीच अडली की तो उलट दाब जातो आणि करंट पाच-सहा पट होतो. सुरू होतानाच्या पहिल्या झटक्यातही तेच. म्हणून मोटर अडली आणि जादा करंट तोडणारा ओव्हरलोड पडला नाही, तर माणूस विहिरीपर्यंत पोचेतो सगळं संपलेलं असतं. दाब भागिले करंट हा भागाकार जी संख्या देतो ती त्या वस्तूची त्या घटकेची अवस्था असते. मीटर खोटं सांगत नाही, वही खोटं सांगत नाही. फक्त दोघांनी वेगवेगळ्या वेळी विचारलेलं असतं.

ज्याच्या नावाने आपण रोध मोजतो त्या जॉर्ज सायमन ओहमची गोष्ट मला याच कारणाने जवळची वाटते. जर्मनीतल्या एरलांगेनच्या एका कुलूपकाराचा हा मुलगा. वडील स्वतःच शिकलेले आणि त्यांनीच मुलांना गणित शिकवलेलं. ओहम कोलोनला शाळेत शिकवायचा आणि उरलेल्या वेळात शाळेच्या उपकरणांवर प्रयोग करायचा. वेगवेगळ्या लांबीच्या तारा लावायच्या आणि करंट किती उतरतो ते बघायचं. १८२५ मध्ये त्याने जे सूत्र छापलं त्यात लॉगॅरिदम होता, ते आज आपण शिकतो ते सूत्र नव्हतं. कारण तो जी बॅटरी वापरत होता ती भार पडला की खचायची. तारेच्या टोकांना सुरुवातीला जितका दाब होता तितका मोजताना राहायचाच नाही. तार तिचं खरं सांगत होती, पण तिला विचारणारा स्रोतच डगमगत होता. मग पोगेनडॉर्फ या विज्ञान-नियतकालिकाच्या संपादकाने त्याला सुचवलं की बॅटरी सोड, तांबं आणि बिस्मथ यांची जोडी घे. एक सांधा उकळत्या पाण्यात, दुसरा बर्फात. उकळतं पाणी शंभराच्या वर जात नाही, वितळता बर्फ शून्याच्या खाली जात नाही, म्हणून दोन सांध्यांच्या तापमानातल्या फरकातून मिळणारा दाबही हलत नाही. अगदी लहानसा, पण ठाम. त्या ठाम दाबावर त्याने तांब्याच्या आखूड-लांब तारा लावून पुन्हा मोजलं, आणि १८२६ मध्ये तो साधा, सरळ संबंध हाती आला. १८२७ चं त्याचं पुस्तक त्याच्याच देशात थंडपणे घेतलं गेलं, त्याने कोलोनची नोकरी सोडली, पुढची कित्येक वर्षं ओढगस्तीत गेली. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कॉप्ली पदक दिलं. म्युनिकची प्राध्यापकी मिळाली १८५२ मध्ये, आणि १८५४ मध्ये तो गेला. वस्तीवरच्या मुलीला ही गोष्ट सांगताना मी पदकापाशी थांबत नाही, त्या उकळत्या पाण्यापाशी थांबते. दाब स्थिर असल्याशिवाय तारेबद्दल बोलता येत नाही हे त्या माणसाला कळलं होतं. आमच्या तारांवर तो स्थिर कधीच नसतो.

किती नसतो, याचा हिशेब मी एकदा दादाच्या ओट्यावर बसून केला. डीपीपासून आमच्यापर्यंत अॅल्युमिनियमची तार, किलोमीटरला सुमारे एक ओहम धरा. एक ओहम म्हणजे काहीच नाही असं वाटतं. आमच्या त्या लाइनीवर आठ मोटरी आहेत, बहुतेक टोकाकडच्याच. आठही चालू असल्या की आठ आठे चौसष्ट अँपिअर. चौसष्ट गुणिले एक: दर फेजला चौसष्ट व्होल्ट तारेतच संपले. डीपीवर २४० होते, विहिरीवर राहिले १७६. थ्री फेजच्या भाषेत ४१५ चे ३०५. म्हणजे बैलाने जोर लावायची वेळ आलीच. आणि तारेत जी शक्ती गेली ती चौसष्टचा वर्ग, ४०९६ वॅट, प्रत्येक तारेत. तिन्ही मिळून बारा किलोवॅटच्या वर. आठ मोटरींना लागतात छत्तीस-सदतीस किलोवॅट, आणि बारा किलोवॅट कोणाच्याही वावरात न जाता चिमण्या बसतात त्या तारा तापवत राहतात. मोटरींनी कमी दाबामुळे करंट वाढवला की ती गळती आणखी वाढते, दाब आणखी पडतो. मी तो हिशेब दादाला दाखवला तेव्हा त्याने कागद हातात घेऊन बराच वेळ वाचला आणि म्हणाला, "आप्पांना हा कागद दाखवायला पाहिजे होता." आप्पा आयुष्यभर समजत राहिले की मोटरची कंपनी बरी नाही, मिस्त्री बरा नाही, विहिरीचं नशीब बरं नाही.

हा वर्गाचा नियम जेम्स जूल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४१ च्या सुमाराला मांडला. सॅलफर्डच्या दारूभट्टीवाल्याच्या या मुलाने काचेच्या नळीवर तार गुंडाळून ती पाण्यात बुडवली, करंट सोडला आणि थर्मामीटरने पाणी किती तापतं ते मोजलं. करंट दुप्पट, तर उष्णता चौपट. त्या एका निरीक्षणावर आज दुनियाभरच्या लाइनी उभ्या आहेत. करंट कमी ठेवायचा तर दाब वाढवायचा. १९१५ मध्ये खोपोलीचं टाटांचं वीजघर सुरू झालं तेव्हा घाटातल्या पाण्याची वीज मुंबईच्या गिरण्यांपर्यंत लाखभर व्होल्टवर नेली ती याचसाठी. आमच्या आठ मोटरींचाच हिशेब उच्च दाबावर मांडून बघा. तीच शक्ती ११ हजार व्होल्टवर आणली तर चौसष्ट अँपिअरच्या जागी अडीचच्याही आत अँपिअर पुरतात, आणि त्याच एक ओहमच्या तारेत ४०९६ वॅटऐवजी सहा वॅट वाया जातात. सहा. मी तो आकडा पुन्हा पुन्हा तपासला होता, कारण तो पाहून मला आनंद होण्याऐवजी घशाशी काहीतरी आलं. राज्यात २०१८ पासून उच्चदाब वितरण प्रणालीत नव्या कृषिपंपांसाठी ११ हजारांची लाइन थेट शेतापर्यंत आणून एकेका-दोघांना लहान रोहित्र देण्याची पद्धत आली, ती या सहा वॅटसाठीच. ज्यांना ती मिळाली त्यांच्या मोटरीचा सूर वेगळा आहे, तो रस्त्यावरून जातानाही ओळखू येतो. आमची लाइन जुनी. जुन्या लाइनीवर आम्ही आठजण अजून आहोत.

दाब आणि करंट यांचा आणखी एक भागाकार आहे. तो मला नको वाटतो, पण सांगितला पाहिजे. माणसाच्या अंगाचाही रोध असतो. कोरड्या कातडीचा हजारो ओहम, ओल्या अंगाचा हजाराच्या आसपास. हेन्री कॅव्हेंडिश या इंग्रज शास्त्रज्ञाने तर ओहमच्या आधी कित्येक वर्षं मिठाच्या पाण्यासारख्या पदार्थांचा रोध स्वतःच्या अंगानेच मोजला होता. त्याच्याकडे मीटर नव्हता, म्हणून तो स्वतःच्या हातांतून झटका घ्यायचा आणि कमी-जास्त ठरवायचा. त्याच्या वह्या तशाच पडून होत्या, मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये त्या छापल्या. आमच्याकडचे जुने वायरमनही संशय आला की बोटाची मागची बाजू लावून बघायचे. पुढून लावली तर स्नायू आखडून मूठ वळते आणि तार सुटत नाही. शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री मिळते. रात्रीची पाळी असली की दोनला, तीनला उठून चिखलातून विहिरीवर जायचं, ओल्या हाताने पत्र्याच्या पेटीतला स्टार्टर दाबायचा. पेटीला अर्थिंग नसेल आणि आत कुठे तार टेकलेली असेल, तर २३० भागिले १०००, पाव अँपिअरच्या जवळ. माणसाचं काळीज थांबायला याच्या निम्म्याहूनही कमी करंट पुरतो. अर्थ लीकेज ब्रेकर तीस मिलिअँपिअरला तोडतो तो यामुळेच. आमच्या शिवारात या भागाकाराचं उत्तर ज्या घरांत आलं ती घरं मला माहीत आहेत. त्यांच्याबद्दल मी इथे लिहिणार नाही. पण शाळेत रोध शिकवताना शेतकऱ्यांच्या मुलांना बल्बच्या आधी हे शिकवलं जावं, पेटीच्या खाली कोरडी फळी आणि अर्थिंगची पट्टी का लागते ते, असं मला मनापासून वाटतं.

भाची त्या दिवाळीनंतर मामाशी, म्हणजे दादाशी, फोनवर बोलायला लागली. बहुतेक कृषिपंपांच्या पॅनेलवर दोन गोल मीटर असतात, एक व्होल्टचा, एक अँपिअरचा. दादाच्या पॅनेलवरच्या काचा धुळीने आंधळ्या झाल्या होत्या. तिने त्या पुसायला लावल्या. मोटर चालू केल्यावर वेळ, व्होल्ट, अँपिअर आणि लाइनीवर आणखी किती मोटरी चालू आहेत एवढं लिहून पाठव म्हणाली. शेवटचा रकाना तिने आपणहून घातला होता, ते पाहून मला फार बरं वाटलं. दादाने कांद्याच्या पट्टीच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहून फोटो पाठवले. शाई पाण्याने फिसकटलेली, काही आकड्यांवर मातीच्या बोटाचे ठसे. आठ चालू, ३१०. सहा चालू, ३३५. चार चालू, ३६०. अँपिअर त्याच्या उलटे. तिने त्यांचा आलेख काढला आणि रेषा जवळजवळ सरळ आली. त्या रेषेच्या उतारावरून तिने आमच्या किलोमीटरभर तारेचा रोध काढला, तारेला हातही न लावता. एक ओहमच्या किंचित खाली. ओट्यावर बसून मी जो धरून चालले होते, तो तिने दोनशे किलोमीटर लांबून मोजला.

तो आलेख घेऊन दादा लाइनीवरच्या बाकी शेतकऱ्यांकडे गेला. चारचार मोटरींच्या दोन पाळ्या केल्या तर करंट निम्मा, गळती चौथाई. पाळी दोनदा चालवावी लागली तरी एकूण वाया जाणारी वीज निम्म्यावर येते आणि मोटरीला पन्नास-साठ व्होल्ट जास्त मिळतात. हिशेब सगळ्यांना लगेच पटला, जळक्या मोटरींची बिलं प्रत्येकाच्या घरात होती. अडलं दुसरीकडेच. ऑटोस्विचवर. वीज आली की मोटर आपोआप सुरू करणारी ती डबी आठही पेट्यांमध्ये बसवलेली, कारण रात्री उठून जायला नको. पण त्यामुळे वीज आल्या क्षणी आठही मोटरी एकदम उठतात, आणि उठताना प्रत्येक मोटर पाच-सहा पट खेचते. आठांचे मिळून सव्वातीनशे ते पावणेचारशेच्या आसपास अँपिअर, ज्या ६३ केव्हीएच्या डीपीची ताकद पंच्याऐंशीच्या आसपास अँपिअरची, तिच्यावर. पाळी पाळायची तर ऑटोस्विच काढावे लागतात, आणि ऑटोस्विच काढायचा म्हणजे रात्री दोनला कोणीतरी विहिरीवर जायला हवं, ओल्या वाटेने, त्या पत्र्याच्या पेटीपाशी. एकाचा मुलगा पुण्याला, घरी दोघं म्हातारी. त्यांना काढा म्हणायची दादाची जीभ रेटेना. शेवटी असं ठरलं की आधी आठही पेट्यांना वर्गणी काढून अर्थिंग आणि ब्रेकर बसवायचे, मग ऑटोस्विच सोडायचे, आणि त्या म्हाताऱ्यांची मोटर दादाने स्वतःच्या पाळीबरोबर चालू-बंद करायची. पाच पेट्यांचं काम झालंय. उरलेल्या तीनपैकी दोघांनी उसाचं बिल आल्यावर पैसे देतो म्हटलंय. तिसऱ्याकडे दादा या अमावास्येनंतर पुन्हा जाणार आहे.